जुन्याला माफी, नव्याला वसुली

महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की घरपट्टी माफ करण्याच्या घोषणा होतात. कुणी पाचशे चौरस फुटांपर्यंत माफी देतो, कुणी सातशेपर्यंत मागतो, कुणी शास्ती रद्द करतो, कुणी थकबाकीदारांसाठी अभय योजना आणतो. या एका बाबतीत सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात भांडण नसते; असते ती चढाओढ. नागरिकही खूश असतो, कारण कर माफ झाल्याचे दुःख कुणाला होणार?

मला मात्र या औदार्याचा हिशेब मांडावासा वाटतो. शहर चालवायला लागणारा पैसा माफीने कमी होत नाही. एकाला सोडले की तो दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या शहरांनी तो कुणाकडून घेतला हे पाहिले, तर उत्तर अस्वस्थ करणारे आहे. ज्याच्याकडे आधीपासून घर आहे त्याला आपण सांभाळले, आणि ज्याला अजून घर घ्यायचे आहे त्याच्या खिशात हात घातला. घरपट्टीवरची दया गरिबावरची दया म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात ती बरीचशी जुन्या मालकावरची दया असते.

आधी बिल नीट वाचू. मुंबईच्या मालमत्ता कराच्या देयकात एकच कर नसतो. सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिकेचा शिक्षण उपकर, राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर अशा ओळी एकाखाली एक येतात; व्यापारी जागेला रोजगार हमी उपकरही लागतो. यातले राज्याचे उपकर महापालिका फक्त गोळा करते आणि पुढे पाठवते. म्हणजे बिलाच्या आकड्यावर चिडून आपण नगरसेवकाला धारेवर धरतो, तेव्हा त्यातला काही हिस्सा त्याच्या हातात कधी येतच नाही.

या यादीतला विचार करण्याजोगा प्रकार आहे तो ‘लाभ करा’चा. जल कर पाण्यासाठी आहे. जल लाभ कर मात्र धरणे, जलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्रे यांवरच्या भांडवली खर्चासाठी आहे. सार्वजनिक खर्चातून तुमच्या मालमत्तेला लाभ झाला, म्हणून त्या खर्चाचा वाटा तुम्ही उचला, असे हे तत्त्व. अमेरिकेतल्या गावांत एखाद्या गल्लीत गटार किंवा पदपथ बांधला की त्याच गल्लीतल्या घरमालकांवर ठरावीक वर्षांसाठी विशेष आकारणी बसते, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. आपल्या कायद्यातही ते पूर्वीपासून आहे. आपण त्याचा वापर चुकीच्या जागी करतो, ही तक्रार पुढे येईलच.

कर कशावर आकारायचा, हा यातला सगळ्यात जुना वाद. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने तो घराच्या संभाव्य वार्षिक भाड्यावर बसवला. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती मिळतील, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा, उरले ते करपात्र मूल्य. पद्धत सरळ होती. पण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले आणि या सरळ पद्धतीत पाचर बसली. कायद्याने जेवढे भाडे घेता येते त्याहून अधिक भाडे गृहीत धरून कर लावता येणार नाही, असे न्यायालयांनी ठरवले. १९७९ च्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र पक्के केले. परिणाम असा की गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींचे करपात्र मूल्य गोठलेले राहिले, आणि बोरिवली-मुलुंडला नव्याने बांधलेल्या घराला त्या दिवसाच्या भाड्याने कर लागला. शहराच्या मध्यावरचे, अनेक पट मोलाचे घर कमी कर भरत होते आणि टोकाचे, लोकलने तासभर दूर असलेले घर जास्त.

२०१० पासून मुंबईने भांडवली मूल्याची पद्धत आणली ती हा तिढा सोडवण्यासाठी. रेडी रेकनरचा दर, चटई क्षेत्र, इमारतीचा प्रकार, तिचे वय, वापर, मजला यांवरून घराचे मूल्य काढायचे आणि त्यावर कर लावायचा. दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचे. हा विचार योग्य होता. पण पद्धत लागू करतानाच पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना वाढीतून वगळले, इतरांच्या वाढीला मर्यादा घातल्या, आणि २०२० ची फेरआकारणी पुढे ढकलली. दरम्यान मोकळ्या जमिनीचे मूल्य तिच्यावर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल यावरून धरणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जमीन आज आहे तशी मोजा, उद्या काय होईल त्यावर कर नको, हे न्यायालयाचे म्हणणे कायद्याच्या चौकटीत बरोबरच आहे. पण सुधारणेची मूळ गरज, म्हणजे जुन्या आणि नव्या घरांतली विषमता, त्या गदारोळात मागे पडली.

मग २०२२ च्या जानेवारीत मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. याआधी २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता आणि बाकीच्या ओळी बिलात तशाच होत्या. त्यावरून बराच आरडाओरडा झाला होता. नव्या निर्णयाने सुमारे सोळा लाख घरे करातून बाहेर गेली. लहान घरात राहणारा माणूस गरीब, हे त्यामागचे गृहीतक.

हे गृहीतक मुंबईत तरी टिकत नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतले ४८० चौरस फुटांचे घर आणि दहिसरमधले ५२० चौरस फुटांचे घर शेजारी ठेवा. पहिल्याची किंमत दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक. पहिल्याला कर शून्य. दुसऱ्याला सगळ्या ओळींसह बिल. माफीला पायऱ्याही नाहीत. ५०० च्या वर एक फूट गेला की पहिल्या फुटापासून कर सुरू. हा गरिबीचा निकष म्हणायचा, तर गरिबी फूटपट्टीने मोजता येते असे मानावे लागेल. घराच्या मूल्यावर कर बसवणारी पद्धत मोठ्या कष्टाने आणायची आणि माफी मात्र क्षेत्रफळावर द्यायची, यात विचाराचा सांधाच निखळलेला आहे. मूल्याच्या ठरावीक रकमेपर्यंत सर्वांनाच सूट दिली असती, तर दहिसरच्या माणसाला न्याय मिळाला असता. पण ‘पाचशे चौरस फूट’ हे तीन शब्द फलकावर जितके चांगले दिसतात तितका मूल्यसूटीचा तक्ता दिसत नाही.

पुण्याची कथा वेगळी वाटते, पण वळण तेच घेते. स्वतः घरात राहणाऱ्या मालकाला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत पुणे महापालिका १९७० पासून देत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य सरकारने महापालिकेचा ठराव रद्द केला, आणि सवलत बंद झाली. पण कुणाची? १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळेना. जुन्यांपैकी बहुतेकांची चालू राहिली. एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्या, सारखीच घरे, सारखाच कचऱ्याचा ढीग, आणि बिलात मोठी तफावत, का, तर एक इमारत उशिरा उभी राहिली. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा बहाल केली, तेव्हा मध्यंतरीच्या काळातल्या घरमालकांना पीटी-३ अर्ज भरून आपण आपल्याच घरात राहतो याचा पुरावा द्यावा लागला. तिथे मात्र नवा तो पुरावा देणारा आणि जुना तो आपोआप पात्र, ही विभागणी लख्ख दिसली.

आता कराचा पैसा कमी पडतो तेव्हा काय होते ते पाहू. महाराष्ट्राच्या शहरांचा खरा आधार पूर्वी घरपट्टी नव्हती, जकात होती. ती नाक्यावर वसूल व्हायची, नागरिकाला दिसायची नाही. २०१३ पर्यंत मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, २०१७ मध्ये जीएसटीबरोबर मुंबईची जकातही संपली. त्या बदल्यात राज्य सरकार दरवर्षी ८ टक्के वाढीने भरपाई देते. म्हणजे शहराच्या तिजोरीची किल्ली मंत्रालयात गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये नगरपालिकांना स्वतःच्या पायावर उभे करण्याचे वचन दिले होते. त्यानंतर तीन दशकांत त्यांच्या हातात उरलेला सगळ्यात मोठा स्वतःचा कर म्हणजे घरपट्टी, आणि आपण तोच घोषणांत वाटतो आहोत. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत उपग्रहचित्रांवरून केलेला एक अंदाज होता: बंगळुरू आणि जयपूर ही शहरे मालमत्ता कराच्या संभाव्य उत्पन्नाच्या ५ ते २० टक्क्यांहून अधिक गोळा करत नाहीत. आपली शहरे फार निराळी असतील असे मानायला कारण नाही.

उरलेला खड्डा भरायला शहरांनी दुसरा मार्ग शोधला. बांधकामाच्या परवानगीवर विकास शुल्क, जादा एफएसआयवर (चटई क्षेत्र निर्देशांकावर) प्रीमियम, घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क आणि त्यावर अधिभार. मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पात बांधकाम परवानग्यांतून येणारे उत्पन्न मालमत्ता कराच्या तोडीचा आधार बनले आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत २०२२ च्या एप्रिलपासून घरखरेदीवर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. ऐंशी लाखांचे घर घेणारे तरुण जोडपे नोंदणीच्या दिवशी मेट्रोसाठी ऐंशी हजार रुपये मोजते, मग त्यांचे घर मेट्रोच्या स्थानकापासून कितीही दूर असो. स्थानकाच्या दारातल्या जुन्या सोसायटीत फ्लॅटची किंमत मेट्रोमुळे वाढते, पण तिथला मालक त्यापोटी काहीच देत नाही. लाभ एकाला, आकारणी दुसऱ्याला.

काही अर्थतज्ज्ञ म्हणतील की हा सगळा भार अखेर जमीनमालकाच्या किमतीतून वजा होतो. काही प्रमाणात होतही असेल. पण बँकेचे कर्ज काढून रोख मुद्रांक शुल्क भरणाऱ्याला ते सांगून पाहा. शिवाय खरेदीवरच्या कराचा आणखी एक दोष आहे: तो माणसाला जागेला खिळवतो. नोकरी बदलली, मुले मोठी झाली, घर बदलायचे, तर पुन्हा शुल्क. वर्षानुवर्षे हळूहळू भरायची घरपट्टी माणसाला हलू देते. आणि बांधकामाची तेजी ओसरली की प्रीमियमचे उत्पन्नही आटते; रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल मात्र दर महिन्याला येतेच.

या मार्गाने पुढे गेल्यावर काय होते याचे उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. तिथे १९७८ मध्ये सार्वमताने ‘प्रपोझिशन १३’ मंजूर झाले. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकले जाईपर्यंत त्याचे करमूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढू शकणार नाही असे ठरले. वृद्ध घरमालकांना कराच्या ओझ्याखाली घर सोडावे लागू नये, हा त्यामागचा प्रचार. काही वर्षांतच शेजारी-शेजारी सारख्याच घरांचे कर अनेक पटींनी वेगळे झाले. तीस वर्षांपूर्वी घेतलेला कमी भरतो, काल घेतलेला जास्त. शाळा, रस्ते, गटारांचा पैसा आटला म्हणून १९८२ मध्ये ‘मेलो-रूस’ कायदा आला: नव्या वसाहतींवर विशेष आकारणी, जी तिथे घर घेणाऱ्यानेच अनेक वर्षे भरायची. जुन्याला संरक्षण, नव्यावर विशेष कर. आपण त्यांचे अनुकरण केलेले नाही. पण मालकांची संख्या मोठी आणि भावी खरेदीदाराला मत नाही, अशा प्रत्येक राजकारणाचा उतार त्याच दिशेला असतो. परगावाहून येऊन अजून घर न घेतलेल्या माणसाचे नाव तुमच्या वॉर्डाच्या मतदारयादीत बऱ्याचदा नसते.

आपल्या इतिहासात याहून शहाणा मार्ग होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या, आणि जमिनीच्या वाढत्या मोलातला वाटा सार्वजनिक कामाकडे वळवला. १९१५ च्या नगररचना कायद्यातून ‘टीपी स्कीम’, म्हणजे नगररचना योजना आल्या. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथले आखीव रस्ते आजही ‘टीपीएस’ म्हणून ओळखले जातात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही तरतूद आहे की योजनेमुळे भूखंडाचे मूल्य जेवढे वाढेल त्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेता येईल. लाभ ज्याला, आकारणी त्याच्यावर, हे तत्त्व कायद्यात शाबूत आहे. गुजरातने टीपी स्कीमची परंपरा चालू ठेवली. आपण ती बरीचशी सोडून दिली आणि एफएसआय विकायला लागलो.

आता दोन आक्षेपांना सामोरे जायला हवे, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला: पार्ल्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे घर कागदावर कोट्यवधींचे, हातात पेन्शन. मूल्याप्रमाणे कर वाढवला तर तिने काय विकायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर सोळा लाख घरांना सरसकट माफी हे नव्हे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ किंवा त्याहून अधिक वयाच्या घरमालकाला कर पुढे ढकलता येतो. रक्कम घरावर बोजा म्हणून नोंदली जाते आणि घर विकताना किंवा वारसाकडे जाताना व्याजासह वसूल होते. शिक्षिकेला आज एक रुपया भरावा लागत नाही. घराची वाढलेली किंमत ज्या वारसाच्या हाती पडेल तो शहराचे देणे फेडतो. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढवायची सवय असलेल्या महाराष्ट्राला ही व्यवस्था समजायला अवघड नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: सेवा नाही तर कर कशाला? २०१७ मध्ये पुणे महापालिकेत घेतलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी हाच प्रश्न विचारला. घरपट्टी महापालिकेची आणि रस्ते-पाणी ग्रामपंचायतीचेच, वर कचराडेपोचा वास. शेवटी २०२४ मध्ये ती गावे वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कराच्या बदल्यात काय मिळाले हे दाखवता येत नसेल, तर लोक करच नाकारतील. पण इथेच माफीचे राजकारण किती घातक आहे ते कळते. ज्याने काही भरलेच नाही, त्याने जाब कशाच्या बळावर विचारायचा? सोसायटीच्या वार्षिक सभेत मेंटेनन्समध्ये दोनशे रुपये वाढले तर वॉचमनच्या पगारापासून लिफ्टच्या करारापर्यंत सगळे बाहेर निघते. मुंबईत मालमत्ता कर बहुधा सोसायटीच्या नावे येतो आणि याच मेंटेनन्समध्ये मिसळून जातो, म्हणून त्याच्याविषयी त्या सभेत कुणी बोलत नाही. दिसत नाही तो कर कुणाला खटकत नाही, आणि खटकत नाही त्याचा हिशेबही कुणी मागत नाही.

कर भरण्याचे आणि प्रश्न विचारण्याचे नाते आपल्याकडे जुने आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेच्या ६४ पैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. तो मताधिकार श्रीमंतांपुरता होता आणि प्रौढ मताधिकाराने तो गेला हे उत्तमच झाले. पण त्यातला एक धागा, कराच्या पैशाचा जाब विचारण्याचा, सोडायला नको होता. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीसाठी हजार रुपये खर्च करायचे नगरपालिकेने ठरवले, तेव्हा एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. हा पैसा लोकांचा आहे, तो शिक्षणावर लावा, अशी त्यांची भूमिका होती. २०२२ च्या मार्चपासून मुंबई-पुण्यासह अनेक महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवक नसलेल्या त्या काळात बिले नियमित आली, आणि हजार रुपयांचा प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. त्यावर शहरांत मोर्चे निघाले नाहीत. घरपट्टीवरची शास्ती वाढली असती तर निघाले असते.

शास्तीबद्दलही दोन शब्द. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. दहा हजारांचे बिल पाच वर्षे थकले तर शास्तीच बारा हजार, मुद्दलाहून अधिक. एवढी कठोर शिक्षा वसूल करायची हिंमत नसते, म्हणून अभय योजना येते. पुण्यात २०२० मध्ये शास्तीत ८० टक्के सूट देण्यात आली. वेळेवर भरणाऱ्याला मात्र पाच-दहा टक्क्यांची सवलत. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवर मूळ कराच्या दुप्पट बसवलेला शास्तीकर वर्षानुवर्षे थकला आणि २०२३ मध्ये माफ झाला. थांबलात तर फायदा होतो, हे शहराने स्वतःच नागरिकाला शिकवले. शास्ती बँकेच्या व्याजाइतकी ठेवा आणि मग ती कधीच माफ करू नका. वसुली आजच्याहून बरी होईल.

म्हणून करायचे ते असे. चौरस फुटांची माफी काढून मूल्याच्या ठरावीक रकमेपर्यंत प्रत्येक घराला सारखी सूट द्या, आणि उरलेल्या मूल्यावर दर कमी ठेवा. फेरआकारणी पाच वर्षांच्या भीतिदायक उडीऐवजी दरवर्षी थोडी-थोडी करा. निवृत्तांना माफीऐवजी पुढे ढकलण्याचा हक्क द्या. मेट्रोचा अधिभार नव्या खरेदीदारावरून काढून स्थानकाच्या परिसरातल्या सर्व मालमत्तांवर, जुन्या-नव्या, ठरावीक वर्षांसाठी लाभ कर म्हणून बसवा. कर सोसायटीच्या नावे न पाठवता प्रत्येक घराच्या नावे पाठवा. आणि बिलाच्या मागच्या बाजूला, जिथे आज नियमांचे बारीक टाइपातले उतारे असतात, तिथे त्या वॉर्डात गेल्या वर्षी किती कर जमला आणि तो कशावर खर्च झाला हे छापा.

यातली शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. घरमालकानेही आपली बाजू सांभाळावी: आकारणीची नोटीस आली की क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचे वर्ष तपासावे आणि चूक असेल तर नोटिशीवर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी, कारण त्यापुढचे भांडण न्यायालयात जाते आणि तिथे आधी रक्कम भरावी लागते. पुढच्या निवडणुकीत कुणी दारात येऊन घरपट्टी माफ करतो म्हणाला, तर त्याला एकच विचारावे: मग ही रक्कम तुम्ही कुणाकडून घेणार? त्याच्याकडे उत्तर नसेल, तर ते आपल्याला माहीत आहे. आपल्याच मुलामुलींकडून, त्यांनी पहिले घर घेतले की.